औषधाचा खर्च, विम्याचा हप्ता आणि मुलांना न सांगितलेली गोष्ट

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ६८ वर्षांच्या एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. यजमान ७३ वर्षांचे, खासगी नोकरीतून निवृत्त. घर स्वतःचं. ईपीएफची पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून महिन्याला २२ हजारांच्या आसपास येतात. सहा वर्षांपूर्वी यजमानांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. शिवाय मधुमेह आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना स्वतःला बीपी आणि थायरॉईड आहे, "आणि गुडघे, पण ते चालायचंच". दोघांच्या औषधांना महिन्याला ७,२०० रुपये लागतात. ११ वर्षं चालू असलेल्या ५ लाखांच्या दोघांच्या एकत्र आरोग्य विम्याचा हप्ता चार वर्षांत ३१ हजारांवरून ५८ हजारांवर गेला असून नूतनीकरणाला दोन महिने आहेत. यजमान म्हणतात, विमा बंद करू आणि तेच पैसे दरवर्षी एफडीत टाकू. त्यातच गेल्या महिन्यात भगिनींच्या लक्षात आलं, की महिनाअखेरीस संपायला हवी होती ती यजमानांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी अर्धी शिल्लक आहे. यजमान बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी दिवसाआड घेत होते. मुलगा पुण्यात आहे, फ्लॅटचे हप्ते भरतो, मुलगी कोल्हापुरात. दोघांनाही यातलं काही सांगितलेलं नाही. "मुलावर आणखी भार टाकवत नाही आणि लेकीकडून घ्यायचं कसं? पांढरं रेशनकार्ड असल्यामुळे सरकारी योजना आमच्यासाठी नाहीत. विमा सोडावा का?"

ताई,

विम्याचं थोडं थांबू. आधी गोळ्यांचं.

हृदयात स्टेंट असलेल्या, मधुमेह असलेल्या माणसानं बीपीची गोळी दिवसाआड घेणं ही तुमच्या घरातली सगळ्यात महाग पडणारी काटकसर आहे. बीपीच्या बहुतेक गोळ्यांचा परिणाम एक दिवस टिकतो. ज्या दिवशी गोळी नाही त्या दिवशी बीपी वर जातं आणि माणसाला काहीही जाणवत नाही. म्हणून तर यजमानांना वाटत असणार, की बघ, काही झालं नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. ती न घेतल्यानं आज डोकं दुखत नाही, पण स्टेंट बसलेल्या रक्तवाहिनीला तिची गरज असते. पक्षाघाताचा किंवा दुसरा हृदयविकाराचा झटका आला, तर आयसीयूचं चार दिवसांचं बिल कित्येक वर्षांच्या गोळ्या खाऊन जाईल. पुढची फिजिओथेरपी आणि घरातल्या माणसाची वर्षानुवर्षांची सेवा तर कुठल्याच बिलात धरली जात नाही.

तेव्हा आजपासून गोळ्या रोज. यजमानांशी बोलताना त्यांना रंगेहाथ पकडल्यासारखं मात्र बोलू नका. त्यांनी हे तुमच्यासाठी, घर सांभाळण्यासाठीच केलं आहे. "पट्टी शिल्लक दिसली, पैशासाठी करताय का?" एवढंच विचारा. मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्वच्छ सांगा, की औषधं परवडत नाहीत म्हणून दिवसाआड घेत होतो. हे सांगायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण हे कळलं नाही, तर बीपी आटोक्यात नाही असं समजून डॉक्टर आणखी एक गोळी वाढवतात आणि खर्च पुन्हा चढतो.

जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. हृदयाच्या डॉक्टरांची, तुमच्या गावातल्या डॉक्टरांची, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, मेडिकलमधून स्वतः आणलेली, सगळी. तीन डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲसिडिटीची गोळी तीन वेगवेगळ्या नावांनी एकाच घरात चालू आहे, हे या पिशवीतून हमखास निघतं. ताकदीच्या कॅप्सूल, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, कधीतरी महिनाभरासाठी दिलेलं आणि तीन वर्षं चालू राहिलेलं एखादं औषधही निघतं. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : यातली कोणती कधीच चुकवायची नाही आणि कोणती बंद करता येईल? हा निर्णय त्यांचा; तुमचा किंवा मेडिकलवाल्याचा नाही.

पिशवी उघडाल तेव्हा एक पट्टी उलटी करून बघा. मोठ्या अक्षरात कंपनीनं दिलेलं नाव असतं आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात खरं औषध लिहिलेलं असतं : टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, अटोर्वास्टॅटिन २० मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ एसआर. हे बारीक नाव, मात्रा आणि पुढची एसआर, ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) अशी अक्षरं वहीत उतरवून घ्या. नातवंडांपैकी कोणी आलं असेल तर त्याला वाचायला लावा, कारण काही पट्ट्यांवरचं ते नाव भिंगातूनही कष्टानं दिसतं. या जुन्या औषधांचं पेटंट केव्हाच संपलेलं आहे. तीच गोळी अनेक कंपन्या आपापल्या नावानं बनवतात आणि किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो. जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, ती कंपनीच्या नावाशिवाय मिळते. ब्रँडेड औषधांपेक्षा तिथली औषधं ५० ते ८० टक्के स्वस्त असतात असं सरकार सांगतं आणि बीपी-मधुमेहाच्या गोळ्यांच्या बाबतीत हा फरक तुम्हाला पहिल्याच बिलात दिसेल. देशभरात अशी १० हजारांहून जास्त केंद्रं आहेत. बहुतेक तालुक्याच्या गावी एखादं सापडतं. जनऔषधी सुगम नावाच्या मोबाइल ॲपवर जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही कळतं.

"स्वस्त औषध लागू पडतं का?" हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. या औषधांची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रात येते. तरीही माझं सांगणं असं, की बदल केलात तर पंधरा दिवस घरी किंवा दवाखान्यात बीपी मोजून वहीत लिहा. आकडे पूर्वीसारखेच राहिले की मनातली शंका आपोआप जाईल. तुमच्या थायरॉईडच्या गोळीचं मात्र जपून. तिची मात्रा नाजूक असते. कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगून आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी किंवा फिट येऊ नये म्हणून दिलेली औषधं ज्यांना चालू आहेत त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये. आणि केंद्रात माल कधीकधी संपलेला असतो. पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी असतानाच पुढच्या महिन्याच्या आणायला जा.

सरकारी दवाखान्याला तुम्ही पत्रात जागाच दिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळीकडे तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. बीपी आणि मधुमेहाची नेहमीची औषधं तिथे मिळतात. रांग असते, सकाळ जाते, बसायला बाक मिळेलच असं नाही. पण वर्षातून एकदा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर आणि तळपायांच्या संवेदनेवर परिणाम झालाय का ते पाहणं, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासणं, एवढ्यासाठी तरी यजमानांना तिथे न्याच. पायाची जखम चिघळून बोट कापायची वेळ येते किंवा किडनी निकामी होऊन डायलिसिस लागतं, तेव्हा खर्च हाताबाहेर जातो, आणि याच साध्या तपासण्यांतून त्याची चाहूल आधी लागते. फोनवर येणाऱ्या 'संपूर्ण शरीर तपासणी फक्त इतक्या रुपयांत' अशा पॅकेजांची तुम्हाला गरज नाही. ७० गोष्टी तपासून कागद जाड होतो आणि त्यातला एखादा आकडा किंचित वर दिसला की पुढच्या तपासण्यांचं चक्र सुरू होतं.

आता विमा.

तुमच्या घराचे आजारपणाचे दोन खर्च आहेत. एक दर महिन्याचा, दुसरा अचानक अंगावर येणारा. विमा दुसऱ्यासाठी आहे. पहिल्यातला एक रुपयाही तो देत नाही. यजमानांचा राग खरा पहिल्यावर आहे, कारण तो रोज दिसतो, आणि कुऱ्हाड पडते आहे दुसऱ्याच्या तजविजीवर. २२ हजारांतले ७,२०० औषधांना आणि महिन्याकाठी हिशोब केला तर ४,८०० हप्त्याला, म्हणजे निम्म्याहून जास्त उत्पन्न आजारपणातच जातं. असं असताना त्यांना विमा नकोसा वाटला तर त्यात गैर काही नाही. पण त्यांचा एफडीचा हिशोब कागदावर मांडून बघा. दरवर्षी ५८ हजार टाकले, ७ टक्के व्याज धरलं, तरी ५ लाख जमायला सात वर्षं लागतात. यजमान तेव्हा ८० वर्षांचे असतील. मधल्या सात वर्षांत काही झालं तर ती एफडी अर्धवट असेल आणि हात घालावा लागेल तो ज्या ठेवींच्या व्याजावर घर चालतं त्यांना.

शिवाय तुमची पॉलिसी ११ वर्षांची आहे. सलग पाच वर्षं पूर्ण झालेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाली नाही तर, 'आधीचा आजार लपवलात' असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदतही तुम्ही केव्हाच पार केली आहे. आज सोडलीत आणि दोन वर्षांनी पुन्हा घ्यावी वाटली, तर नियमानं वयाची आडकाठी आता नाही, पण स्टेंट आणि मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि स्टेंट बघून कंपनी नाहीही म्हणू शकते. ११ वर्षं हप्ते भरून मिळवलेलं हे एका सहीनं जातं.

म्हणून यावर्षी सोडू नका. स्वस्त करून घ्या. आधी हे बघा, की ५८ हजारांत जीएसटी धरलाय का. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. तुमचा आकडा त्या तारखेआधीच्या पावतीवरचा असेल, तर त्यात १८ टक्के करच आहे आणि तो वजा जाता हप्ता ४९ हजारांच्या आसपास उतरतो. दुसरं, जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयनं कंपन्यांना बजावलं आहे, की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावं लागेल. यावर्षीची वाढ त्याहून जास्त असेल तर कंपनीला लेखी कारण विचारा.

मग एजंटला किंवा थेट कंपनीला तीन दर मागा. एक, क्लेमच्या वेळी ठरावीक टक्के रक्कम आपण भरायची अशी अट घेतली तर हप्ता किती. दोन, पहिले ५० हजार किंवा १ लाख आपले आणि वरचे कंपनीचे असं घेतलं तर किती. तीन, दोघांची वेगवेगळी पॉलिसी केली तर किती, कारण एकत्र पॉलिसीत हप्ता मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि तुमच्या वाट्यालाही ७३ वर्षांचा भाव लागतो. दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर जुने फायदे घेऊन जाता येतं, पण अर्ज नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस द्यावा लागतो. तुमच्याकडे दोन महिने आहेत, म्हणजे हातात पंधराच दिवस. आणि नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून तिचा होकार हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका.

पॉलिसीच्या कागदात खोलीभाड्याची मर्यादा किती आहे तेही आजच शोधा. पुष्कळ जुन्या पॉलिसींत ती विमा रकमेच्या १ टक्का असते, म्हणजे तुमच्या बाबतीत दिवसाला ५ हजार. ८ हजारांची खोली घेतली, तर वरचे ३ हजार आपण भरू असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. त्यातल्या ८ रुपयांपैकी कंपनी ५ देते. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर होणारे वाद पुष्कळदा इथूनच सुरू होतात. ॲडमिट होताना खोली निवडणारा माणूस घाबरलेला असतो, म्हणून हा आकडा मुलगा आणि मुलगी दोघांच्या फोनमध्ये लिहून ठेवा.

पांढऱ्या रेशनकार्डाचं तुमचं गृहीत मात्र आता जुनं झालं आहे, ताई, आणि ते तुमच्या एकटीचं नाही. योजना म्हणजे पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची, आपण मध्यमवर्गीयांनी तिथे जाऊन कोणाचा वाटा खायचा नाही, असं पुष्कळ घरांत मानतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. तुम्ही तीत बसता. यजमानांना त्याशिवाय वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, वय आधारवरून धरतात, जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. खासगी विमा असला तरी चालतं. (केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्ये असलेल्या वाचकांना दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. आणि घरात पती-पत्नी दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून असतात.) कार्ड आयुष्मान ॲपवर, सेवा केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात निघतं. तुमची सत्तरी पूर्ण झाली की तुमचंही काढा.

या योजना काय करत नाहीत तेही सांगते. ओपीडीची फी, महिन्याची औषधं त्यात नाहीत. ॲडमिट झाल्यावरचे ठरलेल्या यादीतले उपचार आणि तेही अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातच. म्हणून कार्ड काढून कपाटात ठेवलं की काम झालं असं नाही. एका सकाळी साताऱ्याला किंवा कऱ्हाडला जा आणि हृदयविकाराचे उपचार या योजनेत करणारं तुमच्यापासून जवळचं रुग्णालय कोणतं ते पाहून या. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. त्याला विचारा : अँजिओप्लास्टी इथे योजनेत होते का, रात्री आलो तर कोणाला भेटायचं, कोणते कागद लागतात? रेशनकार्डावर आणि आधारवर तुमचं नाव सारखं आहे का हेही तेव्हाच तपासा. लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे, या एका कारणानं ऐन वेळी बायकांची कामं अडतात. फुले योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

तुमचं वार्षिक उत्पन्न २ लाख ६४ हजारांच्या आसपास होतं. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्याव्या लागतात. निर्धनासाठी उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. म्हणजे पुण्यातल्या कित्येक मोठ्या नावाजलेल्या रुग्णालयांत तुम्हाला सवलत मागता येते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पेशंट आयसीयूत असताना तो काढायला पळापळ होते, म्हणून आधीच काढून ठेवा आणि गेल्या गेल्या बिलिंग काउंटरवर न थांबता समाजसेवा विभागात जा.

आणि तुमचे गुडघे. सगळ्या पत्रात त्यांना तुम्ही चार शब्द दिलेत. यजमानांच्या गोळ्या तुम्ही मोजल्यात, पण तुमच्या दुखण्यावर तुम्ही काय घेता ते लिहिलं नाहीत. मेडिकलमधून आणलेली दुखणं थांबवणारी गोळी असेल, तर बीपी असलेल्या बाईनं ती वारंवार घेणं वाईट. बीपी वाढतं आणि किडनीला इजा होते. पिशवीत ती पट्टीही टाका. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतले तर पुष्कळ जणींचं ऑपरेशन लांबतं, काहींचं टळतं. करावंच लागलं, तर कोणत्या रुग्णालयात ते योजनेत बसतं ते त्याच आरोग्यमित्राला विचारा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारची कमाल मर्यादा आहे, स्टेंटवरही त्याच वर्षापासून आहे. बिलात इम्प्लांटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा. तुम्ही पडलात तर यजमानांचं कोण करणार, असं सांगून मी तुम्हाला डॉक्टरकडे पाठवणार नाही. तुम्हाला दुखतंय, एवढं कारण पुरेसं आहे.

आता मुलांचं. भार टाकवत नाही, असं लिहिलंत. पण उद्या पहाटे काही झालं तर मुलगा येणारच आहे. मग तो क्रेडिट कार्ड घासेल, मित्रांकडे मागेल, मिळेल त्या व्याजानं कर्ज काढेल, आणि वडील गोळ्या वाचवत होते हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून कळेल. भार तेव्हाही त्याच्यावरच आहे. फक्त तो तयारीत नसेल. लेकीचं म्हणाल, तर ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यानंही मुलगा आणि मुलगी यांत भेद केलेला नाही. कायदा मी दाखवण्यासाठी सांगत नाही. तुमच्या लेकीला विचारलंत तर तिला विचारल्याचंच बरं वाटेल, असं मला मनापासून वाटतं. न विचारणं हाही तिला परकं धरण्याचाच प्रकार आहे.

दोघांना एकाच वेळी, एकाच फोनवर सांगा, म्हणजे आधी कोणाला कळलं हा प्रश्न उरत नाही. "पैसे पाठवा" असं मोघम सांगू नका. नेमकी कामं द्या. हप्ता मुलानं भरावा किंवा दोघांनी अर्धा-अर्धा. त्यांच्यापैकी जे जुन्या करप्रणालीनं कर भरतात त्यांना ज्येष्ठ आई-वडिलांच्या विम्यासाठी वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, मात्र हप्ता रोखीनं भरलेला नसावा आणि तो ज्याच्या खात्यातून जाईल त्यालाच ती मिळते. (ज्या आई-वडिलांना विमाच नाही, त्यांच्या औषधोपचारावर मुलांनी केलेला खर्चही याच मर्यादेत धरता येतो.) फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या मुलालाही असा हिशोब मांडता येतो. मुलीकडे कंपनीशी पत्रव्यवहार आणि तीन दर मागवण्याचं काम द्या. कदाचित मुलगा म्हणेल, मला यावर्षी निम्मंच जमेल. चालेल. निम्मं कळलेलं बरं.

मुलांनी हप्ता उचलला तर यजमानांच्या मनावरचं ओझंही उतरेल, पण लगेच नाही. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला मुलाकडून घेणं जड जातं. त्यांना म्हणा, एका वर्षासाठी करू, पुढच्या नूतनीकरणाला पुन्हा बसू. तोवर जनऔषधीनं बिल किती उतरलं आणि योजनेतलं रुग्णालय कसं वाटलं, हे दोन्ही कळलेलं असेल. पुढच्या वर्षी कदाचित यजमानांसाठी वय वंदना कार्डावर भिस्त ठेवून विमा फक्त तुमच्या नावानं चालू ठेवणं शहाणपणाचं ठरेल. ते रुग्णालय न पाहता मी आज तसं सुचवणार नाही.

ॲडमिट व्हायची वेळ आलीच तर अंदाजपत्रक लेखी मागा आणि बिल रोजच्या रोज बघा. राज्यातल्या खासगी रुग्णालयांनी मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे आणि तपशीलवार बिल हा तुमचा हक्क आहे. कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीनं थेट रुग्णालयाला द्यावं अशा, अर्जावर विमा कंपनीनं एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचं असतं. क्लेम चुकीचा कापला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

याच परिस्थितीतल्या, पण उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरच्या वाचकांनी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अर्ज करावा. चष्मा, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये खात्यात येतात. कागदपत्रांत कुठे अडलं तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर फोन करून विचारता येतं.

शेवटचं काम बँकेतलं, आणि ते या आठवड्यात करा. तुमच्या ठेवी कोणाच्या नावावर आहेत? पुष्कळ घरांत त्या यजमानांच्या एकट्याच्या नावावर असतात आणि बायको 'नॉमिनी' असते. नॉमिनीला पैसे माणूस गेल्यावर मिळतात. तो आयसीयूत असताना तिला एक रुपया काढता येत नाही. बचत खातं आणि निदान दीड-दोन लाखांची एक ठेव दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही काढता येईल अशा पद्धतीनं करून घ्या, आणि एटीएम कार्ड तुमच्या नावाचंही मागा. ते एकदा तुम्ही स्वतः मशीनमध्ये घालून, हजार रुपये काढून बघा. बँकेत जाताना दोघांचं आधार, पॅन आणि ठेवींच्या मूळ पावत्या न्या. सह्या दोघांच्या लागतात, म्हणून यजमानांना बरोबर घेऊनच जा.